वजन उतरले, अंतर उरले
सुवाह्य वैयक्तिक संगणकाची जन्मकथा आणि नंदुरबारपर्यंतचा त्याचा प्रवास

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार या स्थानकांच्या दरम्यान खांडबारा लागते. नवापूर तालुक्यातील हे गाव आदिवासीबहुल पट्ट्यात येते. ज्या नंदुरबार जिल्ह्यात ते आहे, त्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. संगणकाच्या इतिहासात अशा जिल्ह्याचे नाव यावे, अशी अपेक्षा सहसा कोणी करणार नाही. तरीही २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, तापीच्या पलीकडे शहादा तालुक्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. या नोंदणीचे मुख्य साधन होते गावात उचलून नेता येणारा संगणक, अर्थात लॅपटॉप.

संगणक खांडबारा किंवा टेंभलीसारख्या गावात न्यायचा आणि तेथे चालवायचा, तर त्याला काही कसोट्यांना उतरावे लागते. तो एका माणसाला उचलता आला पाहिजे. प्रवासातील धक्के त्याने सोसले पाहिजेत. वीज नसतानाही तो काही तास चालला पाहिजे. त्याचा पडदा उजेडात वाचता आला पाहिजे आणि तेथील माणसाच्या लिपीत त्यावर लिहिता आले पाहिजे. सुवाह्य संगणकाचा प्रारंभीचा इतिहास हा या कसोट्या एकेक करून ओलांडण्याचा इतिहास आहे. मात्र मूळ कल्पनेत आणखी एक अट होती. हा संगणक ज्याने वापरायचा, त्याच्या मालकीचा असावा. ती अट कितपत पूर्ण झाली, हे तपासण्यासाठी प्रारंभापासून सुरुवात करावी लागते.

पुठ्ठ्याचा नमुना

१९६० च्या दशकात संगणक ही खोलीभर यंत्रसामग्री होती आणि एकाच यंत्रावर अनेकांनी वेळ वाटून घ्यायचा, हा शिरस्ता होता. त्या काळात, १९६८ च्या सुमारास, ॲलन के या तरुण अमेरिकी संशोधकाने वहीच्या आकाराच्या संगणकाची कल्पना मांडली. मुलांनी संगणकाच्या साह्याने गणित कसे शिकावे, यावर सेमूर पेपर्ट यांचे काम सुरू होते. ते पाहून के प्रभावित झाले होते. ही कल्पना समजावून सांगण्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचा एक नमुना तयार केला होता.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करीत असताना १९७२ मध्ये त्यांनी या विषयावर निबंध लिहिला. त्यात या यंत्राला 'डायनाबुक' असे नाव होते. वजन चार पौंडांपेक्षा, म्हणजे दोन किलोंपेक्षा कमी, आकार वहीएवढा आणि किंमत सुमारे ५०० डॉलर असावी, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली होती. विशेष म्हणजे, हा संगणक त्यांनी कल्पिला तो व्यावसायिकांसाठी किंवा शास्त्रज्ञांसाठी नव्हे, तर सर्व वयांच्या मुलांसाठी. ज्याच्या हातात यंत्र आहे त्यानेच त्यावर लिहावे, चित्रे काढावीत, स्वतःचे प्रोग्राम तयार करावेत, हा त्यामागचा विचार होता.

तेव्हाच्या तंत्रज्ञानात असे यंत्र बनविणे अशक्य होते. त्यासाठी लागणारा सपाट पडदा, पुरेशी स्मृती आणि हलकी बॅटरी यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. तरीही पुढची कित्येक वर्षे अभियंत्यांसमोर आदर्श राहिला तो या पुठ्ठ्याच्या नमुन्याचाच.

पंचवीस किलोंचे 'सुवाह्य' यंत्र

प्रत्यक्ष बाजारात आले ते यंत्र या आदर्शापासून बरेच दूर होते. सप्टेंबर १९७५ मध्ये आयबीएमने '५१००' हा संगणक सादर केला. कळफलक, पाच इंची पडदा, फितीवर माहिती साठविण्याची सोय आणि प्रक्रियक हे सर्व एकाच पेटीत बसविले होते. त्याचे वजन सुमारे २५ किलो होते आणि स्मृतीच्या प्रमाणानुसार किंमत सुमारे नऊ हजार ते वीस हजार डॉलर होती. आज या यंत्राला सुवाह्य म्हणणे कोणालाही चमत्कारिक वाटेल. परंतु त्या वेळी संगणक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलविता येणे हीच नवलाई होती.

१९७८ मध्ये झेरॉक्सच्या केंद्रातच ॲडेल गोल्डबर्ग, डग्लस फेअरबेर्न, लॅरी टेस्लर आणि के यांच्या गटाने 'नोटटेकर' नावाचे यंत्र तयार केले. कळफलक हेच पेटीचे झाकण, ते उघडले की आत पडदा आणि फ्लॉपी, अशी त्याची रचना होती. ते बॅटरीवरही चालू शकत असे. वजन मात्र सुमारे २२ किलो होते. असे मोजकेच नमुने तयार झाले. कंपनीने ते विक्रीस आणले नाही. त्याची रचना मात्र तीन वर्षांनी दुसऱ्याच नावाने लोकांसमोर आली.

तिरुवण्णामलैहून कॅलिफोर्नियात

ते नाव होते 'ऑस्बॉर्न १'. हे यंत्र बाजारात आणणाऱ्या ॲडम ऑस्बॉर्न यांचे भारताशी जवळचे नाते होते. १९३९ मध्ये बँकॉक येथे जन्मलेल्या ॲडम यांचे बालपण तमिळनाडूत गेले. त्यांचे वडील आर्थर ऑस्बॉर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार होते. त्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य तिरुवण्णामलै येथे होते. पुढे ॲडम यांनी इंग्लंड-अमेरिकेत रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, नोकरी केली आणि नंतर संगणकविषयक पुस्तकांचे प्रकाशक म्हणून नाव मिळविले. ती प्रकाशनसंस्था १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिलला विकल्यावर ते यंत्रनिर्मितीकडे वळले.

एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक मेळ्यात 'ऑस्बॉर्न १' सादर झाला. त्याची आखणी ली फेल्सन्स्टाइन या अभियंत्याने केली होती. वजन सुमारे ११ किलो, आकार शिवणयंत्राच्या पेटीसारखा आणि किंमत १,७९५ डॉलर. विमानातील आसनाखाली तो बसेल, हे माप धरूनच पेटीची रचना झाली होती. या पेटीला दोन फ्लॉपी चालक होते, ६४ किलोबाइट स्मृती होती. पडदा मात्र जेमतेम पाच इंची, एका ओळीत ५२ अक्षरे दाखविणारा. शब्दलेखन आणि हिशेबतक्ते यांची सॉफ्टवेअर यंत्रासोबतच दिली जात. वेगवेगळी घेतली तर त्यांची किंमतच शेकडो डॉलरच्या घरात गेली असती. त्यामुळे छोट्या व्यावसायिकांना हा सौदा फायद्याचा वाटला. ऐन भरात महिन्याला दहा हजार यंत्रे विकली जात होती.

या यशाला दोन वर्षेही टिकाव धरता आला नाही. १९८३ मध्ये नव्या, सुधारित यंत्राची वाच्यता आधीच झाल्याने विक्रेत्यांनी जुन्या यंत्रांच्या मागण्या थांबविल्या आणि कंपनी अडचणीत आली, असे सांगितले जाते. व्यवस्थापनशास्त्रात अशा चुकीला आजही 'ऑस्बॉर्न परिणाम' म्हणतात. पण केवळ तेवढेच कारण नव्हते. 'केप्रो'सारखे प्रतिस्पर्धी जवळपास तेवढ्याच किमतीत नऊ इंची पडदा देऊ लागले होते आणि आयबीएमच्या पीसीशी सुसंगत यंत्रांकडे ग्राहक वळला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आयुष्याच्या उत्तरार्धात ऑस्बॉर्न आजारी अवस्थेत भारतात परतले आणि मार्च २००३ मध्ये कोडईकनाल येथे त्यांचे निधन झाले.

सुसंगततेचा धडा

ग्राहक आयबीएमसुसंगत यंत्रांकडे का वळला, याचे उत्तर कॉम्पॅकच्या कथेत मिळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी १९८२ मध्ये ही कंपनी स्थापन केली. त्यांनी सुवाह्य यंत्र बनविताना एकच अट मानली, ती म्हणजे आयबीएमच्या पीसीवर चालणारे सॉफ्टवेअर त्यावर जसेच्या तसे चालले पाहिजे.

आयबीएम पीसीचे बहुतेक सुटे भाग कोणालाही विकत घेता येत होते. अडचण होती ती यंत्र सुरू होताच चालणाऱ्या 'बायॉस' या मूलभूत आज्ञावलीची, कारण तिच्यावर आयबीएमचा स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅकने अभियंत्यांचे दोन स्वतंत्र गट केले. एका गटाने मूळ आज्ञावली काय काय करते, याची नोंद केली. मूळ आज्ञावली कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या नोंदीवरून नवी आज्ञावली लिहिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेला 'कॉम्पॅक पोर्टेबल' सुमारे साडेबारा किलो वजनाचा होता. तरी पहिल्याच वर्षी त्याची ५३ हजार यंत्रे विकली गेली. दोन किलो जास्त उचलण्याची ग्राहकाची तयारी होती. आपली सॉफ्टवेअर वाया जाणे मात्र त्याला मान्य नव्हते.

पण हे सारे संगणक भिंतीतील विजेवरच चालत. घरातून कार्यालयात आणि कार्यालयातून घरी नेण्यापुरतेच ते सुवाह्य होते. जेथे वीज नाही तेथे त्यांचा काहीच उपयोग नव्हता.

शिंपल्यासारखी घडी

आज परिचित असलेली लॅपटॉपची घडी १९८२ मध्ये 'ग्रिड कंपास' या यंत्राने रूढ केली. जॉन एलेनबी यांच्या कंपनीसाठी ब्रिटिश अभिकल्पकार बिल मॉग्रिज यांनी ती आखली होती. सपाट पडदा बिजागरीने कळफलकावर मिटतो, त्यामुळे पडद्याला आच्छादन मिळते आणि उघडल्यावर हवा तो कोन साधता येतो. ही रचना इतकी सोयीची ठरली की नंतरच्या बहुतेक सर्व यंत्रांनी ती उचलली.

मॅग्नेशियमच्या कवचामुळे यंत्र मजबूत होते आणि वजन सुमारे पाच किलोंवर राहिले. माहिती साठविण्यासाठी त्यात फिरती तबकडी नव्हती. 'बबल मेमरी' या हलते भाग नसलेल्या स्मृतीचा वापर केल्याने ते धक्के सोसू शकत होते. किंमत ८,१५० डॉलर असल्याने सामान्यांना ते परवडणारे नव्हते. अमेरिकी लष्कर आणि 'नासा' हे त्याचे ग्राहक. १९८३ पासून अंतराळयानांतही त्याचा वापर झाला. बॅटरी मात्र याही यंत्राच्या आत नव्हती.

चार पेन्सिल सेलवर वीस तास

विजेच्या तारेतून सुटका झाली ती जपानी कारखान्यांमुळे. त्यामागे दोन तांत्रिक कारणे होती. पहिले पडद्याचे. काचेच्या नळीच्या पडद्यात विद्युतकणांचा झोत सतत फिरवावा लागतो व त्यासाठी पुष्कळ वीज लागते. द्रवस्फटिक पडदा, म्हणजे एलसीडी, स्वतः प्रकाश देत नाही. बाहेरून पडणारा उजेड अडविणे किंवा परतविणे एवढेच त्याचे काम. त्यामुळे त्याला नाममात्र वीज लागते आणि उन्हात तो अधिक स्पष्ट दिसतो. दुसरे कारण प्रक्रियकाचे. 'सीमॉस' पद्धतीच्या चिपमध्ये अवस्था बदलण्याच्या क्षणीच लक्षणीय वीज खर्च होते. एरवी ती जवळजवळ विश्रांत असते. घड्याळे आणि गणकयंत्रे बनविताना जपानी कंपन्यांनी ही दोन्ही तंत्रे आत्मसात केली होती.

१९८२ मध्ये विक्रीस आलेला एप्सनचा 'एचएक्स-२०' हा साधारण मोठ्या वहीच्या आकाराचा आणि १.६ किलो वजनाचा होता. त्यात पुनर्भारित होणारी बॅटरी, छोटा मुद्रक आणि कॅसेटची सोयही होती. पडद्यावर मात्र चारच ओळी, प्रत्येकी वीस अक्षरांच्या. पुढच्याच वर्षी जपानच्या क्योसेरा कंपनीने बनविलेला आणि अमेरिकेत टँडीने 'टीआरएस-८० मॉडेल १००' या नावाने विकलेला संगणक आला. त्याचा पडदा आठ ओळींचा, वजन दीड किलोच्या आत आणि चार पेन्सिल सेलवर सुमारे वीस तास चालण्याची क्षमता.

या यंत्राचे मोठे चाहते ठरले वार्ताहर. त्यात दूरध्वनी तारेवरून मजकूर पाठविणारा मोडेम बसविलेला होता. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० अक्षरे होता. आठ हजार अक्षरांची बातमी साडेचार मिनिटांत कार्यालयात पोहोचे. घटनास्थळी बसून लिहायचे आणि जवळच्या दूरध्वनीवरून पाठवायचे, ही कार्यपद्धती या छोट्या यंत्राने अमेरिकी वृत्तपत्रांत रुळविली. संगणक माणसाकडे गेला की कामाची रीतच बदलते, याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

हलके लॅपटॉप, जड बॅटऱ्या

यानंतर प्रश्न उरला तो या दोन परंपरा एकत्र आणण्याचा. एकीकडे आयबीएमसुसंगत पण जड यंत्रे होती, तर दुसरीकडे हलकी पण मर्यादित क्षमतेची. १९८५ मध्ये तोशिबाने युरोपात आणलेल्या 'टी-११००'ने हा मेळ घातला. सुमारे चार किलोंच्या या यंत्रात एलसीडी पडदा, साडेतीन इंची फ्लॉपी आणि बॅटरी होती आणि त्यावर पीसीची सॉफ्टवेअर चालत.

वजनाचा मोठा वाटा तेव्हा बॅटरीचा असे. १९८९ मधील ॲपलच्या 'मॅकिन्टॉश पोर्टेबल'ने मोटारीतील बॅटरीच्या जातीची शिसे-आम्ल बॅटरी वापरली. ती बराच वेळ चाले; पण यंत्राचे वजन सात किलोंच्या वर गेले आणि ते बाजारात फारसे चालले नाही. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरीचे व्यापारी उत्पादन सुरू केले. शिशापेक्षा कितीतरी कमी वजनात अधिक ऊर्जा साठविणाऱ्या या बॅटरीने नव्वदीच्या दशकात लॅपटॉपचे रूप पालटले. या तंत्राचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९१ मधील ॲपलच्या 'पॉवरबुक'ने कळफलक मागे सरकवून मनगटे टेकण्यास जागा दिली, तर १९९२ मध्ये आयबीएमच्या 'थिंकपॅड ७००सी'ने १०.४ इंची रंगीत पडदा दिला. येथे लॅपटॉपची ठेवण जवळजवळ निश्चित झाली. पण रंग आणि आतील प्रकाश आला तसा उन्हात दिसणारा पडदा मागे पडला.

मराठी कोठे होती?

वजन, वीज आणि पडदा यांचे प्रश्न अमेरिका आणि जपानमध्ये सुटत होते. देवनागरीचा प्रश्न तेथे सुटणार नव्हता. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर स्वतंत्र असते. देवनागरीत मात्र व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी जोडली जाते, जोडाक्षरे बनतात आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येऊनही लिहिताना आधी येते. त्यामुळे काय टंकित केले आणि पडद्यावर काय दिसावे, यांच्यामध्ये एक स्वतंत्र प्रक्रिया लागते.

आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी या समस्येवर काम सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक' स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालील हा गट तेथे आला. त्यांनी विकसित केलेले 'जिस्ट' कार्ड संगणकात बसविले की भारतीय लिपींत काम करता येई. सर्व भारतीय लिपींसाठी ध्वनिक्रमावर आधारित समान संकेतप्रणाली आणि समान कळफलक ही त्यामागची दृष्टी होती. १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

मात्र हे कार्ड बसविण्यासाठी संगणकाच्या पेटीत मोकळी खाच लागे. टेबलावरच्या संगणकात ती असे, लॅपटॉपमध्ये बहुधा नसे. म्हणजे मराठी येत होती तो संगणक हलत नव्हता आणि हलणाऱ्या संगणकात मराठी येत नव्हती. पुढे हे काम सॉफ्टवेअर करू लागले. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासूनच होता. विंडोज २००० मध्ये मराठीला प्रणालीच्या पातळीवर आधार मिळाला, तेव्हा कुठे विकत घेतलेल्या लॅपटॉपवर वेगळे कार्ड न बसविता मराठी लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला. पहिल्या 'सुवाह्य' यंत्रानंतर तब्बल पाव शतकाने हे घडले.

वारणा, सिम्प्युटर आणि खैरात

भारतात संगणक गावाकडे नेण्याचे प्रयत्न त्याच सुमारास सुरू झाले. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसराच्या ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकाने आपल्या गावच्या केंद्रात जाऊन वजन, बिल यांची माहिती घ्यावी, अशी योजना होती. ही केंद्रे टेबलावरच्या संगणकांची होती. वीज आणि दुरुस्ती या बाबी त्यांच्यासाठी कळीच्या ठरल्या. २००६-०७ च्या सुमारास तेथील काही गावांत संगणकांऐवजी भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांवर तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला.

सुवाह्यतेचा स्वतंत्र भारतीय विचार झाला तो बंगळूर येथे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांची एन्कोर ही कंपनी यांच्या सहकार्यातून 'सिम्प्युटर' हे हातात मावणारे यंत्र २००१ मध्ये लोकांसमोर आले. भारतीय भाषा, लेखणीने लिहिण्याची सोय आणि मजकूर वाचून दाखविण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्यातील सर्वांत लक्षवेधी कल्पना स्मार्ट कार्डची होती. यंत्र गावाने मिळून घ्यावे आणि प्रत्येकाने आपले कार्ड घालून स्वतःची माहिती वापरावी. यंत्राची किंमत न परवडणाऱ्या माणसालाही 'स्वतःचा' संगणक मिळावा, यासाठीची ही युक्ती होती. २००४ मध्ये 'अमिडा' या नावाने सुमारे दहा हजार रुपयांपासून तो विक्रीस आला. पण विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. तोपर्यंत भ्रमणध्वनी संच स्वस्त होऊ लागले होते.

ॲलन के यांची मुलांसाठीची कल्पना महाराष्ट्रात आली ती २००७ मध्ये. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेचा प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी मराठी शाळेत सुरू झाला. वीस-बावीस मुलांना प्रत्येकी एक 'एक्सओ' लॅपटॉप देण्यात आला. सुमारे दीड किलोच्या या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात उन्हात वाचता येणारा पडदा पुन्हा आला होता आणि विजेची गरज अत्यल्प होती. भारनियमनाने त्रस्त असलेल्या त्या काळातील ग्रामीण महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी मोलाच्या होत्या.

शासकीय पातळीवर मात्र मोठी खरेदी झाली नाही. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारताना वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक असल्याचे म्हटले होते. हा आक्षेप सर्वस्वी गैरलागू नव्हता. पेरू देशाने अशी लाखो यंत्रे वाटल्यानंतर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. केवळ यंत्र देऊन शिक्षण घडत नाही, हा त्याचा निष्कर्ष. पण यंत्र न देता ते मुलांच्या हाती कसे रुळावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

टेंभलीचा दिवस

या पार्श्वभूमीवर २०१० मधील टेंभलीच्या घटनेकडे पाहावे लागते. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत रंजना सोनवणे यांना देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. नोंदणीच्या संचात लॅपटॉप, दहाही बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळांचे चित्रण करणारे यंत्र आणि छायाचित्रासाठी कॅमेरा असतो. नाव-पत्ता इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही नोंदविला जातो आणि तो बरोबर आहे का, हे नागरिकाला पाहता यावे म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला दुसरा पडदा ठेवण्याची पद्धत आहे. नोंद होताना इंटरनेट जोडणी असण्याची सक्ती नव्हती. माहिती सांकेतिक रूपात लॅपटॉपमध्ये साठवून नंतर पुढे पाठविता येत होती.

सुवाह्य संगणकाच्या साऱ्या कसोट्या येथे एकत्र पार झालेल्या दिसतात. वजन, बॅटरी, पडदा, लिपी यांपैकी काहीही आता अडसर राहिले नव्हते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतही भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेली हातातील यंत्रे प्रगणकांनी घरोघरी नेली. एप्रिल २०१६ पर्यंत आधारधारकांची संख्या शंभर कोटींवर गेली. इतक्या मोठ्या प्रमाणावर नागरिकांच्या नोंदी त्यांच्याच गावात जाऊन करणे सुवाह्य संगणकावाचून शक्य झाले नसते.

तरीही एक भेद नजरेआड करता येत नाही. या यंत्राचा कळफलक नोंदणी करणाऱ्याकडे होता. नागरिकासमोर पडदा होता, तोही तपासण्यापुरता. नोंदणी संपली की संच पुढच्या गावी जाई. डायनाबुकच्या कल्पनेत ज्याच्या हाती यंत्र तोच लिहिणारा होता. टेंभलीत यंत्र गावकऱ्याविषयी लिहीत होते. संगणक सुवाह्य झाला, वैयक्तिक मात्र झाला नाही.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर ग्रामीण भागात हे प्रमाण अवघे ४.४ टक्के होते. लॅपटॉप आणि टॅब्लेट यांचाही त्यात समावेश आहे. शंभर ग्रामीण घरांपैकी पंचाण्णवहून अधिक घरांत यांपैकी काहीच नव्हते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यास पडद्यावर आला, तेव्हा या आकड्यांचा अर्थ देशाला कळला. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, तेथील मुलाला शाळेत जाण्याचा कोणताच मार्ग उरला नाही.

भ्रमणध्वनीने ही दरी भरून काढली, असे अनेकदा म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. वजन, बॅटरी, लिपी या निकषांवर आजचा स्मार्टफोन डायनाबुकच्याही पुढे आहे. पण त्याचा बहुतांश वापर पाहण्यासाठी आणि बोलण्यासाठी होतो. दीर्घ लेखन, हिशेब, प्रोग्रामची रचना यांसाठी कळफलक आणि मोठा पडदा लागतोच. शहरातील मूल दोन्ही साधने वापरते, गावातील मुलाच्या वाट्याला बहुधा एकच येते.

२५ किलोंपासून एका किलोपर्यंतचा प्रवास अभियंत्यांनी सुमारे तीन दशकांत पूर्ण केला. उरलेले अंतर अभियांत्रिकीचे नाही. ते शाळेतील दुरुस्तीच्या तरतुदीचे, प्रशिक्षित शिक्षकाचे आणि यंत्र कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलाला घरी नेऊ देण्याच्या धोरणाचे आहे. सिम्प्युटरच्या कार्डाने सुचविलेला सामायिक वापराचा मार्ग आणि खैरातच्या शाळेने दाखविलेला प्रत्येकाच्या मालकीचा मार्ग, हे दोन्ही महाराष्ट्रातील शाळांसमोर आजही खुले आहेत. गावात किती संगणक पोहोचले, याची मोजदाद सरकारी अहवालांत होत राहील. खांडबाऱ्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोजायची गोष्ट वेगळी आहे. शाळा सुटल्यावर त्यांपैकी किती यंत्रे मुलांच्या दप्तरातून घरी जातात, ती.